भांडणाचा तास

आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास ज्या बाई घेत, त्यांचं अख्ख्या पनवेलमध्ये कुणाशी पटत नसे. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना लांबून बघितलं की तोंड फिरवत. भाजीवाली भाव न सांगताच पिशवी भरून देई, कारण भाव सांगितला की प्रश्न सुरू होत. मुख्याध्यापक सरांशी तर बोलणंच बंद होतं. दोघांच्या खुर्च्या स्टाफरूममध्ये शेजारीशेजारी, पण निरोप जायचे शिपाईमावशींमार्फत.

"मावशी, सरांना विचारा, शनिवारी शाळा पूर्ण की अर्धी?"

मावशी सरांकडे वळायच्या. सर म्हणायचे, "बाईंना सांगा, अर्धी."

मावशी परत वळायच्या आत बाई म्हणायच्या, "ऐकलं मी."

अशा बाईंच्या हाती लहान मुलांचा नैतिक आणि सामाजिक विकास सोपवलेला होता. तो कुणी सोपवला याबद्दल दोन मतं होती. सर म्हणत, तो विषय कुणालाच नको होता म्हणून त्यांच्याकडे गेला. बाई म्हणत, "मी मागून घेतला. बाकीचे लोक त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकत होते."

मी तिथे लागले तेव्हा शिक्षणसेविका होते. एक्स्प्रेसवे होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवीन पनवेलमध्ये दर महिन्याला एक इमारत उभी राहत होती आणि तिच्यातली मुलं टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढत होती. आमच्या मराठी शाळेत उरली होती ती बाकीची. खाडीकडच्या कोळ्यांची, मोहल्ल्यातली, कळंबोलीला ट्रकवर क्लीनर असलेल्यांची, काही दुकानदारांची, आणि डोंगराखालच्या कातकरीवाडीवरून चालत येणारी. माझा वर्ग तिसरीचा, बाईंचा चौथीचा, आणि मध्ये एक लाकडी पार्टिशन. ते छतापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे माझ्या मुलांचं अर्धं शिक्षण पलीकडून व्हायचं, आणि माझं जवळजवळ सगळंच.

पहिल्याच आठवड्यात पलीकडून एक मुलगा घाईघाईने "सॉरी, सॉरी" म्हणताना ऐकू आला. त्यावर बाईंचा आवाज: "सॉरी नको. सॉरी म्हणजे शिंक. येते नि जाते, शिंकणाऱ्याला बरं वाटतं, दुसऱ्याच्या अंगावर उडतं. काय केलंस ते सांग."

माझ्या वर्गातली मुलं खुसखुसली. मीही.

बाई उंच होत्या, किडकिडीत होत्या, साडी फार वर नेसत. मनगटावर वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ, पुरुषी, जाड पट्ट्याचं. शिकवताना ते काढून टेबलावर ठेवायची सवय. त्यांच्या तोंडून "शाब्बास" कुणी ऐकलं नव्हतं. डबा भिंतीकडे तोंड करून खात. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाई, मुलांना आपण वाटून खायला शिकवतो..."

"तू शिकवतेस," त्या म्हणाल्या. "मी सांगते, द्यायचं नसेल तर देणार नाही म्हणा. उगाच कोपऱ्यात लपवू नका आणि मनातून शिव्या देत वाटूही नका."

"पण मग ती स्वार्थी नाही का होणार?"

"होतील थोडी. खोटारडी होणार नाहीत. दोन्हीतलं एक निवड."

सरांची पद्धत वेगळी होती. त्यांनी मूल्यांचे रंगीत तक्ते आणून व्हरांड्यात टांगले होते. श्रमप्रतिष्ठेच्या चित्रात एक शेतकरी हसत होता, सौजन्याच्या चित्रात एक मुलगा म्हातारीला रस्ता ओलांडून देत होता. परिपाठाला सर विचारत, "मुलांनो, आपण कसे वागायचे?" मुलं एका सुरात म्हणत, "प्रा-मा-णिक-पणे!" आणि रांग मोडताच पुढच्याच्या पाठीत बुक्का घालत. बाई ते बघत आणि कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणत, "बुक्का मात्र प्रामाणिक होता."

बाईंचा स्वतःचा उपक्रम म्हणजे शनिवारचा शेवटचा तास. त्याला त्या सरळ भांडणाचा तास म्हणत. वर्गाच्या मधोमध सतरंजी घालायची. आठवडाभरात ज्यांचं भांडण झालं असेल त्यांनी समोरासमोर बसायचं. बाकीच्यांनी भोवती. पहिल्याने काय झालं ते सांगायचं. "नेहमी", "सगळे" आणि "हा असाच आहे" हे शब्द बंद. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच. मग दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी पहिला काय म्हणाला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि पहिला "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. वर्गातल्या कुणालाही एक प्रश्न विचारता येई. शेवटी ज्याचं दुखलं असेल त्याला विचारायचं, "काय केलं तर तुझं मन शांत होईल?"

मन शांत व्हायला मुलांना काय काय लागे! एका मुलाच्या वहीवर दुसऱ्याने पाणी सांडलं होतं. त्याला त्या दुसऱ्याच्या वहीवर पाणी सांडायचं होतं. बाटलीभर. बराच वेळ घासाघीस होऊन प्रकरण एका टोपणावर आलं. वर्गासमक्ष टोपणभर पाणी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर ओतण्यात आलं आणि दोघं मिळून तो पुठ्ठा वाळवायला उन्हात गेले. पार्टिशनवरून डोकावणारी मी मनात म्हणत होते, हे काय चाललंय! पण नंतरच्या आठवड्यात ते दोघं एकाच बाकावर बसलेले दिसले.

एका पालकाने तक्रार केली की मुलगा हल्ली घरी उलट बोलतो. बाईंनी विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, पप्पा, तुम्ही नेहमी म्हणू नका, काय झालं तेवढं सांगा."

"मग काय झालं तेवढं सांगत जा," बाई म्हणाल्या आणि वर्गात निघून गेल्या.

हे सगळं वाचून बाई फार थोर होत्या असा समज व्हायला नको. मुलांना त्या जे तासभर करायला लावत, ते त्यांना स्वतःला एक मिनिटही जमत नसे. सरांशी त्यांचं भांडण कशावरून झालं होतं ते आता दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं. मी एकदा सुचवलं की सतरंजी स्टाफरूममध्ये आणू या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू शोधायचं निमित्त करून बाहेर गेले.

बाईंच्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. कातकरीवाडीवरून यायची. आईबाप वीटभट्टीवर, वर्षातले बरेच महिने घाटावर, त्यामुळे ती मामाकडे राहायची. काटक, कमी बोलणारी. पाढे म्हणताना मात्र तिचा आवाज सगळ्यांच्या वर असे. भांडणाच्या तासाला ती नुसती ऐकत बसायची. तिचं कधी कुणाशी भांडण नव्हतं, किंवा असलं तरी ती सतरंजीवर येत नव्हती.

एका बुधवारी मधल्या सुट्टीनंतर पलीकडे अचानक शांतता पसरली. बाईंच्या वर्गात शांतता हा अपघाताचा आवाज असे. मी कान दिला.

"माझं घड्याळ इथे होतं," बाई म्हणत होत्या. आवाज चढलेला. "इथे, टेबलावर. कुठे गेलं?"

टेबलाच्या ड्रॉवरची उघडझाक, खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग, "सुमन. ऊठ. दप्तर उघड."

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. पलीकडे दप्तराची चेन ओढल्याचा आवाज आला. वह्या बाकावर ठेवल्याचा. डब्याचं झाकण. मग बाईंचं, "बरं. बस." आणि लगेच भागाकार सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मनगटावर घड्याळ लावून आल्या. ते त्यांच्याच डब्याच्या पिशवीत सापडलं होतं. हात धुताना काढून त्यांनी स्वतःच तिथे टाकलं होतं. वर्गात त्यांनी एवढंच सांगितलं, "घड्याळ मिळालं. पान चाळीस काढा."

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "बाई, मग सुमनला काही म्हणालात?"

त्या थर्मासमधला कोरा चहा पीत होत्या. "शनिवार येतोय ना? तिला भांडायचं असेल तर भांडेल."

"ती? ती तुमच्याशी भांडेल? दहा वर्षांची पोर?"

"नियम सगळ्यांना एकच आहे."

"आणि नाही भांडली तर?"

बाईंनी कप धुतला, पुसला आणि थर्मासवर बसवला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नियमाच्या मागेही लपता येतं. चाळीस मुलांना नावानिशी काय केलं ते सांगायला लावणाऱ्या बाईंना एका मुलीसमोर ते सांगायचं नव्हतं. त्या शनिवारवर भार टाकून मोकळ्या झाल्या होत्या. सुमन त्या दिवशी आली होती, पण पाढ्यांत तिचा आवाज नव्हता.

त्याच शनिवारी तपासणी समिती येणार होती. जिल्ह्यातून उपक्रमशील शाळा निवडायची होती आणि सरांनी अर्ज भरला होता. उपक्रम कुठला दाखवायचा यावर ते आठवडाभर बेचैन होते. तक्ते सगळ्याच शाळांत होते. शेवटी त्यांना ज्या तासाचा राग होता त्याचीच आठवण झाली. भांडण हा शब्द मात्र त्यांना घशाखाली उतरेना. शुक्रवारी फ्लेक्सवाल्याकडून बॅनर आला: "संवाद-संस्कार तासिका". खाली सरांचा फोटो.

"मावशी, सरांना विचारा," बाई बॅनरकडे बघत म्हणाल्या, "हे कुठे भरतं?"

"बाईंना सांगा, त्यांच्याच वर्गात," सर म्हणाले. "आणि सांगा की दोन मुलं मी तयार करून घेतली आहेत. पेन्सिलीवरून भांडतील. कुणी रडणार नाही."

शनिवारी समितीचे लोक आले. एक साहेब, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एका संस्थेच्या ताई. त्यांच्यासाठी गादीच्या खुर्च्या, नारळपाणी. माझ्या वर्गाला गप्प बसवण्यासाठी मी त्यांना चित्र काढायला दिलं आणि स्वतः बाईंच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.

ठरलेली दोन मुलं सतरंजीवर बसली. "माझ्या मित्रा, तू माझी पेन्सिल न विचारता घेतलीस, त्यामुळे मला वाईट वाटले," पहिला म्हणाला. बोलताना तो सरांच्या ओठांकडे बघत होता. दुसरा म्हणाला, "मित्रा, मी तुझा आदर करतो." दोघांनी हात मिळवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी मोबाईलवर फोटो काढला.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. कारल्याच्या रसाचा घोट घेतल्यासारखं तोंड झालं होतं. सर आभाराला उठणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "हे खोटं होतं. आता खरं भांडण कुणाचं आहे?"

सर अर्धवट उठलेले तसेच राहिले. बाई वर्गाकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी ते सुमनसाठी म्हटलं की केवळ खोटं सहन झालं नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

मागच्या बाकावरून हात वर आला.

"माजं हाय," सुमन म्हणाली.

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

साहेबांनी चष्मा नीट केला. सर घाईने म्हणाले, "बाळ, ते नंतर. पाहुण्यांना पुढे जायचंय."

"सर, बसा," बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्या सरांशी थेट बोलल्या होत्या. त्या धक्क्यानेच सर बसले.

बाई सतरंजीवर येऊन बसल्या. त्यांचे गुडघे दुखत, त्यामुळे आधी बाकाला धरून, मग एका हातावर, असं करत करत त्या खाली गेल्या. सुमन समोर मांडी घालून बसली. ती बाईंच्या छातीपर्यंतही येत नव्हती.

"बोल," बाई म्हणाल्या.

"बुधवारी तुमचं घड्याळ नवतं. तुमी मला उठवलं. दप्तर उघड बोलल्या." ती थांबली. "मग मी उघडलं. मग तुमी बस बोलल्या. झालं. नाय, अजून हाय. दुसऱ्या कोणाचं नाय उघडलं. माजंच."

आता नियमाप्रमाणे बाईंची पाळी होती.

"तू म्हणतेस," बाई म्हणाल्या, "की बुधवारी माझं घड्याळ मिळत नव्हतं, तेव्हा मी तुला उठवलं आणि दप्तर उघडायला सांगितलं. हेच?"

"नाय," सुमन म्हणाली. "अजून हाय ना."

"...तू ते उघडलंस आणि मी तुला बस म्हटलं."

"अजून हाय."

"दुसऱ्या कुणाचं दप्तर मी उघडायला लावलं नाही. फक्त तुझं."

"हो," सुमन म्हणाली. "हेच."

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "असंच झालं. घड्याळ माझ्याच पिशवीत होतं."

मला वाटलं, संपलं. सरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी नारळपाण्याच्या ट्रेकडे हात केला. पण मोहल्ल्यातला अल्ताफ, जो कुठल्याही भांडणात आपला एक प्रश्न वाया जाऊ देत नसे, त्याने हात वर केला होता.

"बाई, तिचंच का?"

निवृत्त मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, बाईंना वाटलं असेल ती जवळ बसते म्हणून."

"ती मागं बसते," अल्ताफ म्हणाला.

बाई सुमनकडे बघत होत्या. मग त्या हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तू वाडीवरून येतेस म्हणून. मला वाटलं, हिनेच घेतलं असणार. बघितलं काहीच नव्हतं. नुसतं वाटलं."

ताईंनी मोबाईल खाली ठेवला. साहेब सरांकडे बघू लागले आणि सर बॅनरवरच्या स्वतःच्या फोटोकडे. सुमनच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिला हे कळत नव्हतं असं नाही. तिला आधीच माहीत होतं, फक्त ते कुणी म्हटलं नव्हतं.

"काय केलं तर तुझं मन शांत होईल?" बाईंनी विचारलं. प्रश्न रोजचाच, पण आवाज रोजचा नव्हता.

सुमनने बराच विचार केला.

"तुमची पिशवी उघडा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

सर उभे राहिले. "हे अती होतंय."

बाईंनी हात लांब करून खुर्चीला अडकवलेली पिशवी घेतली. ती शाळेतली सगळ्यात गूढ वस्तू होती. तिच्यात काय असतं यावर आम्ही स्टाफरूममध्ये पैजा लावलेल्या होत्या. त्यांनी एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडली. थर्मास. डबा. घराची किल्ली. गुडघ्याला बांधायचा पट्टा. दुखण्याचं मलम. दाते तुटलेला कंगवा. लिमलेटच्या गोळ्यांची पुडी, ती बघून मुलांत "आईशप्पत" अशी कुजबुज उठली. मग तळाशी हात घालून त्यांनी जे काढलं ते बघून त्यांचाच हात थांबला. मूठभर खडू. पांढरे, गुलाबी, एक पिवळा.

"बाई," अल्ताफचा प्रश्न संपला होता तरी तो बोललाच, "हे शाळेचे हायेत!"

"हो," बाई म्हणाल्या. "शाळेचेच आहेत. हातात राहतात, मी पिशवीत टाकते, घरी जातात."

सुमनने ते खडू उचलले, उठली, फळ्याखालच्या खोक्यात ठेवले आणि परत येऊन बसली. वर्गात आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. सुमनही हसली. मी बाईंकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता बरं हाय," सुमन म्हणाली.

बाईंना उठायला येईना. अल्ताफने एक हात धरला, सुमनने दुसरा.

पाहुणे नारळपाणी न पिता गेले. जाताना निवृत्त मुख्याध्यापक सरांना म्हणाले, "उपक्रम चांगला आहे हो, पण शिक्षकाची प्रतिमा सांभाळायला हवी." त्या वर्षी निवड झाली ती आवारात महाराष्ट्राच्या नकाशाच्या आकाराची बाग केलेल्या शाळेची.

पुढच्या आठवड्यात बाईंना शाळा चालवणाऱ्या संस्थेची नोटीस आली. मुलांसमोर खरं बोललात, असं नोटिशीत लिहिता येत नाही. म्हणून तिच्यात खडू होते. शालेय साहित्य घरी नेल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी एका ओळीत खुलासा केला: नेले होते, परत दिले, साक्षीदार समिती. भांडणाचा तास बंद झाला. त्या वेळात मुलं व्हरांड्यात रांगेने उभी राहून तक्ते वाचू लागली.

काही पालकांनाही पटलं नव्हतं. एक दुकानदार गृहस्थ खास येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्यासमोर खाली बसलात? उद्या आमच्या पोरांनी कुणाला मान द्यायचा?"

"खुर्चीवर बसून भांडण ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मान देण्याचं मला फारसं माहीत नाही, ते सरांकडे आहे. तक्ता आहे त्यांचा."

तास बंद झाला म्हणून भांडणं बंद झाली नाहीत. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे चौथीची मुलं गोल करून बसू लागली. सतरंजी नव्हती, दप्तरं अंथरत. एकदा बाई तिकडून जाताना रेंगाळल्या. आतून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमी जा. तुमचं भांडण नाय." बाई निमूट निघून आल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी कुणाशीही वाद घातला नाही, सरांना वाटलं आजारी आहेत.

काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सरांनी भाषण केलं. बाई मृदुभाषी होत्या, मनमिळाऊ होत्या, सहकाऱ्यांच्या सुखदुःखात समरस होत, असं ते अर्धा तास सांगत होते. मुलं एकमेकांकडे बघत होती. उत्तराला बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर ज्यांच्याबद्दल बोलले त्यांना मी ओळखत नाही. भेटल्या तर मला आवडणार नाहीत." आणि बसल्या. शाल घेतली, श्रीफळ मावशींना देऊन टाकलं.

आता अलीकडचं. उरणला एका लग्नाला जायला मी पनवेलच्या एसटी स्टँडवर उभी होते. एक तरुणी समोर येऊन म्हणाली, "तुमी तिसरीच्या बाई ना?" मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितल्यावर ओळखलं. सुमन. द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर होती. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, त्यावर सारखं कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि ती "काय झालं तेवढं सांग ना, बाकीचं नको" असं म्हणून फोन ठेवत होती.

गाडीला वेळ होता. मला राहवेना. मी विचारलं, "तो शनिवार आठवतो का गं? समिती आली होती. बाईंचं घड्याळ..."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "घड्याळ? नाय आठवत ओ."

"तुझं दप्तर..."

"माजं दप्तर?" ती हसली. "बाई आमच्यात खाली बसल्या होत्या ते आठवतं. उठता येत नवतं त्यांना. लय हसलो होतो त्या दिवशी. पण कशाला बसल्या होत्या, ते काय आता डोक्यात नाय." मग म्हणाली, "कशा हायेत त्या? भांडतात का अजून?"

तिची गाडी आली. ती खिडकीतून हात हलवत गेली. मी तिथेच उभी. आमच्या स्टाफरूममध्ये ती गोष्ट इतकी वर्षं सांगितली जात होती, नव्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात ऐकवली जात होती, आणि जिची ती गोष्ट होती तिच्याकडे ती नव्हती.

लग्नाहून परत येताना मी खांदा कॉलनीत बाईंकडे गेले. त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. सोसायटीतल्या बहुतेकांशी त्यांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे घर फार शांत असतं. मी सगळं सांगितलं. गोदाम, ओळखपत्र, आणि ते.

"आठवत नाही म्हणाली?"

"नाही."

"घड्याळसुद्धा?"

"काहीच नाही. तुम्ही खाली बसलात आणि सगळे हसले, एवढंच."

बाई थोड्या चिडल्या. "मला नोटीस मिळाली, माझी पिशवी चारचौघांत उपसली गेली, आणि हिला आठवत नाही!" मग त्यांना हसू आलं. बाईंना हसताना मी फारसं बघितलेलं नव्हतं. त्यात सवय नसलेल्या माणसाची गडबड होती. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि बराच वेळ तो पदराने पुसत राहिल्या.

"बाई, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"छे. तेवढ्यासाठीच तर बसले होते. तिचं मिटलं."

"आणि तुमचं?"

चष्मा पुसून झाला होता, तरी त्यांनी तो डोळ्यांना लावला नाही.

"वाडीवरून येतेस म्हणून," त्या म्हणाल्या. वाक्य जसंच्या तसं, त्याच आवाजात. "हे मी म्हटलं ना, ते मी रोज ऐकते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. ते काही मिटायचं नाही." त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "असू दे. दोघींपैकी एकीला आठवायला हवं होतं. ती मी आहे, हे बरं झालं."